पांढरी खवलेकीड आणि १२९ ढालकिडे

शाळेच्या बागेतील जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके आपण पाहिले असतील. तो पिठ्या ढेकूण. त्याच्याच गणगोतात खवलेकिडी मोडतात. पुष्कळ खवलेकिडींच्या माद्या एका जागी सोंड खुपसून बसतात, अंगावर मेणाचे कवच तयार करतात आणि जन्मभर रस शोषतात. झाडावर माशाचे खवले चिकटवल्यासारखे दिसतात, म्हणून हे नाव. (लाख देणारा किडाही याच कुळातला, तेव्हा सरसकट सगळ्यांना शत्रू म्हणायचे कारण नाही.)

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे १८६८ च्या सुमारास एक नवी खवलेकीड दिसू लागली. शोभेसाठी ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभूळवर्गीय रोपांबरोबर ती आली होती. तिचे शास्त्रीय नाव आयसेरिया पर्चासी. तिच्या तांबूस शरीरामागे पांढरी, पन्हाळीदार अंडपिशवी असते आणि तीत शेकडो अंडी असतात. या किडीचा नर क्वचितच आढळतो. मादीसारखा दिसणारा जीव उभयलिंगी असतो व स्वतःच स्वतःची अंडी फलित करू शकतो. म्हणजे एखादे पिल्लू नव्या बागेत पोहोचले तरी प्रजा वाढायला पुरे!

बागेतल्या झुडपांवरून ही कीड संत्र्या-लिंबांवर गेली. १८८० नंतर लॉस एंजेलिसच्या आसपासच्या बागा पांढऱ्या पडू लागल्या. किडीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवावर काळी बुरशी वाढे, पाने काजळत आणि फांद्या वाळत. बागायतदारांनी रॉकेल आणि साबणाचे मिश्रण फवारले, राळेची द्रावणे वापरली. मेणाच्या पिशवीतली अंडी त्यातून वाचत. १८८६ मध्ये कॉकिलेट या कीटकतज्ज्ञाने झाडावर तंबू घालून आत हायड्रोसायनिक आम्लाचा विषारी वायू सोडण्याची पद्धत काढली. ती परिणामकारक होती, पण खर्चिक आणि जिवाला धोकादायक. कित्येकांनी झाडे उपटून जाळली.

अमेरिकेच्या कृषिखात्यातील मुख्य कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली यांनी प्रश्नच वेगळा विचारला. मायदेशी, ऑस्ट्रेलियात, ही कीड असा धुमाकूळ का घालत नाही? तिथे तिला आवरणारे कोणीतरी असले पाहिजे. ॲडलेडच्या फ्रेझर क्रॉफर्ड यांना या किडीच्या अंगात वाढणारी एक बारीक माशी सापडलीही होती. पण खात्याच्या कीटकतज्ज्ञांनी सरकारी खर्चाने परदेशी जाऊ नये, असे बंधन अमेरिकन संसदेने घातले होते. सुदैवाने १८८८ मध्ये मेलबर्नला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होते. त्याच्या खर्चातून अल्बर्ट कोबेले यांना पाठवण्यात आले. दाखवायला प्रदर्शन, खरे काम माशा गोळा करण्याचे!

कोबेलेंनी माशा हजारोंनी पाठवल्या. पण १५ ऑक्टोबर १८८८ रोजी नॉर्थ ॲडलेडमधल्या एका बागेत त्यांना एक छोटा, तांबड्या-काळ्या रंगाचा ढालकिडा ही खवलेकीड खाताना दिसला. त्या वेळी त्याला व्हेडालिया म्हणत. आज तो रोडोलिया कार्डिनालिस या नावाने ओळखला जातो. नोव्हेंबर १८८८ ते जानेवारी १८८९ या काळात बोटीने तीन खेपांत २८, ४४ आणि ५७, असे एकूण १२९ किडे जिवंत पोहोचले. कॉकिलेट यांनी ते लॉस एंजेलिसमधील वुल्फस्किल यांच्या बागेत, कीड लागलेल्या एका संत्र्याच्या झाडावर तंबू घालून त्यात सोडले. एप्रिलमध्ये तंबूची एक बाजू उघडली. जूनच्या मध्यापर्यंत त्या वंशावळीतले दहा हजारांहून अधिक किडे इतर बागायतदारांना वाटून झाले होते! त्या परगण्यातून बाहेर जाणारी संत्री वर्षभरात ७०० वाघिणींवरून २००० वाघिणींवर गेली.

हे इतके झटपट कसे झाले? हा ढालकिडा आपली अंडी खवलेकिडीच्या अंडपिशवीवरच घालतो. अळ्या ती पोखरून आतली अंडी खातात. फवारा जिथे पोहोचत नव्हता तिथे अळी पोहोचली. शिवाय खवलेकिडीची एक पिढी पुरी होईपर्यंत त्याच्या एकाहून अधिक पिढ्या होतात, आणि तो दुसऱ्या भक्ष्याच्या मागे फारसा लागत नाही. या यशाने हुरळून कोबेलेंना १८९१ मध्ये पुन्हा पाठवले गेले. त्यांनी कितीतरी जातींचे ढालकिडे आणले, पण बहुतेकांचा उपयोग झाला नाही. हा भाग गोष्ट सांगताना अनेकदा गाळला जातो. मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो.

भारतात हीच कीड १९२८ मध्ये निलगिरीत वॅटलच्या झाडांवर आढळली. ही वॅटलही मूळची ऑस्ट्रेलियन बाभूळच. तेव्हा रॉकेलचे प्रयोग नव्याने करण्याची गरज नव्हती. लवकरच बाहेरून व्हेडालिया मागवून सोडण्यात आले.

कॅलिफोर्नियात मात्र १९४६-४७ मध्ये ती पुन्हा उसळली. सान वाकिन खोऱ्यातल्या संत्र्यांवर दुसऱ्या किडींसाठी डीडीटी फवारले जात होते. त्याने व्हेडालिया मेले, खवलेकिडीला मात्र फारशी इजा झाली नाही. सुमारे ५५ वर्षे दबून असलेल्या पांढऱ्या पिशव्या फांद्यांवर परत दिसू लागल्या, आणि बागायतदारांना फवारणी आवरून ढालकिडे पुन्हा आणून सोडावे लागले.