दोन आरोबा बेदाणे

स्पॅनिशच्या वर्गात अगदी सुरुवातीला आपला ई-मेलचा पत्ता मोठ्याने सांगायचा सराव असायचा. पत्त्यातल्या त्या शेपटीवाल्या 'ॲट'ला स्पॅनिशमध्ये 'आरोबा' म्हणतात. मजेशीर शब्द म्हणून तेव्हा लक्षात राहिला, एवढंच.

पुढे 'डॉन किहोते' वाचायला घेतली आणि पहिल्या भागाच्या नवव्या प्रकरणात हा आरोबा पुन्हा भेटला. इथे तो वजनाचं माप होता, साधारण साडेअकरा किलोचं. शब्द मूळचा अरबी, अर्थ 'पाव हिस्सा'.

प्रसंग असा. आठव्या प्रकरणाच्या शेवटी दोघांच्या तलवारी उगारलेल्या आणि गोष्ट तिथेच तुटते. पुढचा मजकूर सापडत नाही म्हणे! (सगळा सर्व्हांतेसचा खेळ.) मग एके दिवशी निवेदक तोलेदोच्या बाजारात असताना एक पोरगा रेशमाच्या व्यापाऱ्याला जुन्या वह्या विकायला येतो. निवेदकाला रस्त्यावरचे फाटके कागदसुद्धा वाचायची सवय. वही उघडतो तर अरबी. मग वाचून दाखवायला तो एक मोरिस्को गाठतो. मोरिस्को मधलंच एक पान उघडतो आणि हसायला लागतो. समासात लिहिलेलं असतं, की डुकराचं मांस खारवण्यात दुल्सिनेयाचा हात धरणारी बाई अख्ख्या ला मांचात नव्हती! निवेदक अर्ध्या रेआलला सगळी बाडं विकत घेतो, मोरिस्कोला घरी नेतो आणि दीड महिन्यात सबंध ग्रंथाचा अनुवाद करून घेतो. मजुरी: दोन आरोबा बेदाणे आणि दोन फानेगा गहू. (फानेगा हे धान्याचं माप. तोही शब्द अरबीच.)

म्हणजे युरोपातली पहिली आधुनिक कादंबरी म्हणून जिचा गौरव होतो, ती कादंबरीतल्याच हिशेबाने एका निनावी मोरिस्कोने केलेला अनुवाद आहे. पहिल्यांदा वाचताना मी खूप हसलो होतो. नंतर सनावळ्या बघितल्या.

मोरिस्को म्हणजे बळाने ख्रिस्ती केलेले स्पेनमधले मुसलमान आणि त्यांचे वंशज. १५६७च्या फर्मानाने ग्रानाडाच्या मोरिस्कोंना अरबी बोलायला-लिहायला बंदी झाली. तीन वर्षांत कास्तिलियन शिका, असा हुकूम. (गोव्याच्या वाचकांना इथे १६८४ आठवेल. पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणी सोडायला मुदत दिली तीही तीनच वर्षांची.) १५६८मध्ये बंड झालं, ते चिरडलं आणि तिथल्या लोकांना कास्तिलभर पांगवलं. तोलेदोच्या बाजारात अरबी वाचणारा माणूस चटकन मिळतो, त्यामागे हेही असेल. कादंबरी आली १६०५मध्ये. १६०९मध्ये तिसऱ्या फेलिपेने मोरिस्कोंना देशाबाहेर काढायचा हुकूम काढला आणि १६१४पर्यंत सुमारे तीन लाख माणसं हाकलली गेली. अनुवाद पुरा होऊन पुस्तक बाजारात आलं आणि चारच वर्षांत अनुवादकाची जमात हद्दपार!

सर्व्हांतेस हे विसरला नाही. १६१५च्या दुसऱ्या भागात सांचोचा जुना शेजारी, दुकानदार रिकोते, जर्मन यात्रेकरूंच्या टोळीत वेष पालटून परत येतो. पुरून ठेवलेलं धन न्यायला. रस्त्याकडेला बसून दोघं दारू पितात, हॅमची हाडं चघळतात, आणि रिकोते देश सुटल्याचं रडगाणं गातो. मधेच राजाच्या निर्णयाची स्तुतीही करतो. ती खरी की उपरोधाची यावर अभ्यासक अजून भांडतात. मला ती भ्यालेल्या माणसाची वाटते. सर्व्हांतेस स्वतः पाच वर्षं अल्जीरियात कैदी होता, मुसलमानांबद्दल त्याला फार प्रेम असायचं कारण नव्हतं. तरीही सांचो काय करतो? मदत करायला नकार देतो, पण चुगली करत नाही. 'राजाशी बेइमानी होईल' आणि 'तुला पकडून देणार नाही' हे दोन्ही एकाच दमात.

युरोपीय कलेचा इतिहास शिकताना वेलास्केथचं 'लास मेनिनास' आम्ही आठवडाभर चघळलं. आरसा, दार, कोण कोणाकडे बघतंय वगैरे. पण दरबारात त्याचा वट वाढला तो दुसऱ्याच चित्राने, हे मला फार उशिरा कळलं. १६२७मध्ये चौथ्या फेलिपेने चित्रकारांची स्पर्धा लावली. विषय: आपल्या वडिलांनी केलेली मोरिस्कोंची हकालपट्टी. वेलास्केथ जिंकला आणि त्याला राजवाड्यात हुद्दा मिळाला.

ते चित्र आज नाही. १७३४च्या नाताळच्या आदल्या रात्री माद्रिदच्या राजवाड्याला आग लागली, त्यात ते गेलं. 'लास मेनिनास' त्याच आगीतून बाहेर काढलं, थोडं पोळलेलं. हरलेल्या स्पर्धकांपैकी कार्दूचोचं या विषयावरचं एक रेखाटन मात्र प्रादो संग्रहालयात आहे. वेलास्केथच्या चित्रात काय होतं ते पालोमिनोने १७२४मध्ये, म्हणजे आगीच्या दहा वर्षं आधी, लिहून ठेवलंय. मधोमध राजा, हातातल्या दंडाने माणसांच्या जमावाकडे बोट दाखवणारा. बाजूला बसलेली स्पेन. आणि सैनिकांच्या पुढे चाललेले पुरुष, बायका, मुलं. रडत.

राजाने विजयाचं चित्र मागितलं होतं. रडणं त्यात वेलास्केथने घातलं, आणि तेच राजाला पसंत पडलं.