रुमाल टाकून धरलेली जागा

परवा कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून केळी आणली. फणीचं बूड काळं पडलेलं आणि त्यावर पांढुरकी बुरशी. बायको म्हणाली, "तेवढं कापून टाक, आतून चांगली आहेत." ती खरंच चांगली होती. मला मात्र चोपड्याचे आप्पा आठवले.

आप्पा म्हणजे माझे काका. आमच्याकडे केळी घडानंच जायची. खाली-वर केळीची पानं घालून ट्रकमध्ये घड रचायचे, की ट्रक निघाला उत्तरेकडे. रावेर-सावद्याच्या लोकांना रेल्वे होती. चोपड्याला ती नाही, म्हणून आमचा सगळा भरवसा ट्रकवर. मग एका वर्षी एका व्यापाऱ्यानं खोक्यातला माल मागितला. भाव जास्त होता. आप्पांनी फण्या कापून सुट्या केल्या, चीक जावा म्हणून तुरटीच्या पाण्यात धुतल्या आणि खोकी भरली. खोकी पोचली तेव्हा फण्यांची बुडं कुजलेली. निम्मे पैसेही हाती आले नाहीत. आप्पा ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "आते काय करानं, भाऊ?" घरात सगळे त्यांनाच बोलले, की नसते उद्योग कशाला केले.

पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना कळलं, की आप्पांची गोष्ट जगात आधीच घडून गेली होती. मध्य अमेरिकेतून ग्रो मिशेल जातीची केळी अख्ख्या घडानं जहाजात चढायची. पनामा मर रोगानं त्या जातीचा व्यापार बुडवला आणि 1960 च्या सुमारास तिची जागा कॅव्हेंडिश गटातल्या केळ्यांनी घेतली. आपली बसराई आणि ग्रँड नैनही त्याच गोतावळ्यातली. ही केळी लवकर डागाळतात, म्हणून फण्या कापून खोक्यात भरणं आलं. आणि फणी कापली की ताजी जखम! फ्युजेरियम, कोलेटोट्रिकम या बुरश्यांना दार उघडंच मिळालं. म्हणजे बुडाची कूज हा मोठा प्रश्न झाला तोच खोक्यांमुळे.

त्यावर उतारा म्हणून थायाबेंडाझोलसारखी बुरशीनाशकं आली. पण काही बुरश्या त्यांना सरावल्या, आणि खाणाऱ्यांच्या पोटात काय जातंय ही काळजीही वाढली. अमेरिकेतले चार्ल्स विल्सन आणि इस्रायलचे एडो खालुट्झ तेव्हा दुसरी वाट शोधत होते. विल्सन यांनी पुसी या सहकाऱ्याबरोबर 1984 मध्ये एका जिवाणूनं पीच कुजणं थोपवून दाखवलं होतं. मग पाळी आली यीस्टची.

त्यांचं एक निरीक्षण मला फार आवडतं. लिंबूवर्गीय फळं धुऊन ते पाणी तसंच बशीत वाढवलं, तर जिवाणू आणि यीस्टच दिसत. पाणी बरंच पातळ केलं की मगच बुरश्या डोकं वर काढत. आणि धुतलेली फळं न धुतलेल्यांपेक्षा लवकर कुजत! म्हणजे सालीवर कुणीतरी पहारा देत होतं, आणि धुताना तेच निघून जात होतं.

हा पहारा कसा? एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. जखमेतून पाझरणाऱ्या साखरेवर यीस्ट झपाट्यानं वाढतं, जागा व्यापतं, आणि बुरशीच्या बीजाणूंना रुजायला काही उरत नाही. काही यीस्ट तर बुरशीच्या धाग्यांना चिकटून त्यांची भिंत पोखरतात.

कँडिडा ओलिओफिला या यीस्टचं 'अस्पायर' हे उत्पादन 1995 मध्ये अमेरिकेत नोंदलं गेलं, पण बाजारात टिकलं नाही. प्रयोगशाळेत साधतं ते गोदामात दर वेळी साधतंच असं नाही. बेल्जियममधल्या जांब्लूच्या संशोधकांनी 2008 मध्ये याच जातीचा 'ओ' नावाचा वाण आणि पिचिया अनोमाला ही यीस्ट केळीच्या बुडाच्या कुजीवर वापरून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. या 'ओ' वाणाला युरोपीय संघानं 2013 मध्ये मान्यता दिली.

पण रुमाल आधी टाकावा लागतो. एकदा बुरशी आत बसली, की यीस्ट तिला उठवू शकत नाही. कोलेटोट्रिकम तर बागेतच हिरव्या सालीवर येऊन दडून बसते आणि केळं पिकलं की जागी होते. तिथे यीस्टचं फारसं चालत नाही. म्हणून कापणीतली स्वच्छता आणि माल लगेच थंडाव्यात नेणं याला पर्याय नाही.

हे सगळं मी आप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे राखणदारालाच आम्ही हौदात धुऊन टाकलं?" मी म्हटलं, तो प्रयोग लिंबाच्या जातीवरचा होता, केळीचं तसंच असेल असं नाही, आणि चीक काढायला धुवावं लागतंच. पण आप्पा, खोक्याबरोबर कूज येते हे साऱ्या जगानं भोगलंय. तुमच्या हातून काही वावगं झालं नव्हतं.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "हे तुझ्या काकूला सांग एकदा."

असो. काकूला फोन करायचा राहिलाय. ती हे वाचणाऱ्यातली आहे, म्हणून इथेच लिहून टाकलं.