तळटीप : चरणातली अक्षरे

१. मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे, एकूण २२. ही गणती लिहिलेल्या अक्षरांची आहे, बोलण्यातल्या उच्चारखंडांची नव्हे. जोडाक्षर कितीही जड असो, ते एकच धरायचे; अनुस्वाराला वेगळी जागा नाही. म्हणून ‘त्र्यंबक’ तीन अक्षरी : त्र्यं, ब, क. बोलताना मात्र शेवटचा ‘अ’ गळतो आणि त्र्यं-बक् असे दोनच खंड कानावर पडतात. ‘नाशिक’चेही तसेच. मात्रा मोजल्या तर दोन्ही शब्द चार मात्रांचे, कारण पहिले अक्षर गुरू. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी दिंड्या येतात, तेव्हा टाळांच्या ठेक्याकडे कान द्यावा : बोलण्यात गळलेला ‘अ’ गाताना पुरता उमटतो आणि चरण भरतो. शाळेत ही गणती बोटांवर शिकवतात. ती कानाने शिकवावी, असे आम्हाला मनापासून वाटते. या संग्रहात काही चरणांत एखादे अक्षर कमी किंवा अधिक आहे. गाणारा ते स्वर लांबवून वा आखडून सांभाळतो, म्हणून आम्ही पाठ बदललेला नाही. — संपादक