चुन्याच्या भिंती आणि झाशीचा वाडा

झाशी म्हटले की प्रथम किल्ला आठवतो. परंतु राणी लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील कसोटीची वर्षे गेली ती शहरातील एका दुमजली वाड्यात. नेवाळकर घराण्यातील दुसऱ्या रघुनाथरावांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा वाडा ‘राणीमहाल’ या नावाने ओळखला जातो. १८५४ साली कंपनी सरकारने संस्थान खालसा केले, तेव्हा राणीसाहेब किल्ला सोडून येथे राहावयास आल्या. १८५८ च्या एप्रिलात इंग्रजी फौजेने शहर घेतले, अपरंपार लूट झाली. तरी दरबार दालनातील रंगीत वेलपत्ती आजही पाहावयास मिळते.

अशा वास्तूंच्या दीर्घायुष्याचे मर्म चुन्यात आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो. विरवलेला चुना भिंतीवर चढला की तोच वायू हवेतून परत घेऊन तो हळूहळू दगड बनतो. हा दगड सच्छिद्र असतो. पायातून विटांत चढलेली ओल त्या छिद्रांवाटे वाफ होऊन निघून जाते.

१८२४ साली इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट झाले आणि पुढे नव्या बांधकामाची रीत सर्वत्र पसरली. तिच्याबरोबर जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि तेलरंग चढू लागले. भिंत चकचकीत दिसते खरी. पण ओल आत कोंडते. तिच्यातील क्षार रंगाच्या पापुद्र्यामागे स्फटिकरूप धरतात, लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि त्यांच्याबरोबर शतकापूर्वीचा गिलावाही गळून पडतो.

म्हणून जुन्या घराला रंग निवडताना आधी ओलीचे मूळ शोधावे. गळके छत आणि तुंबलेली मोरी दुरुस्त करावी, भिंत सुकू द्यावी. मग तिच्यावर पाणी शिंपडून विरवलेल्या चुन्याचे पातळ हात एकावर एक द्यावेत. रंगछटा हवी असल्यास गेरू, हिरमुंजी, पिवळी माती हे खनिज रंग चुन्यात टिकतात. जर्मनीत केइम यांनी १८७८ साली सिद्ध केलेला सिलिकेट रंगही ओलीची वाट अडवीत नाही.

चुन्याची सफेदी काही वर्षांनी पुन्हा द्यावी लागते, ही तिची उणीव मानली जाते. पण सफेदी पुन्हा देता येते. तिच्याखालची जुन्या कारागिरांच्या हातची नक्षी एकदा गळाली की ती पुन्हा मिळत नाही.