थांबवलेल्या चाचणीचे ऋण

चेन्नईतील मराठी कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला सेल्लप्पन यांनी १९८६ साली भारतातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधले. १९९३ मध्ये सोलोमन यांनी वडिलांच्या नावाने 'वाय. आर. गायतोंडे केंद्र' स्थापन केले. मैलापूरच्या दक्षिणेस, तारामणीत, त्याचे काम चाले.

पती कंडोम वापरत नसेल, तर स्त्रीच्या हाती कोणते साधन उरते? या प्रश्नातून सेल्युलोज सल्फेटचे योनिमार्गात वापरायचे जेल पुढे आले. त्यातील ऋणभारित रेणू विषाणूला पेशीस चिकटू देणार नाहीत, अशी अपेक्षा होती. छोट्या चाचण्यांत ते निर्धोक वाटले. मग चेन्नई, बागलकोट आणि आफ्रिकेतील तीन केंद्रांत सुमारे १,४०० स्त्रियांवर मोठी चाचणी सुरू झाली. जानेवारी २००७ मध्ये ती थांबवावी लागली. अंतिम मोजणीत औषधी जेलच्या गटात २५, तर औषधविरहित जेलच्या गटात १६ नवे संसर्ग आढळले. हा फरक योगायोगाचाही असू शकत होता. संरक्षण मात्र दिसले नाही.

योनिमार्गाचे नाजूक अस्तर आणि तेथील आम्लता राखणारे जीवाणू यांवर रोजच्या वापराचा परिणाम काचनळीत पुरता कळत नाही. तुलनेचा गट नसता, तर धोक्याची शंकाही आली नसती. ती शंका वेळीच आली, याचे श्रेय चाचणीत सहभागी झालेल्या त्या अनाम स्त्रियांचे आहे.