छपाई अडली कुठे? : मिरजेच्या ताम्रपत्र्यांपासून घरच्या सामायिक प्रिंटरपर्यंत

सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत आज प्रिंटर एकच असतो आणि त्यावर छापणारे तीन-चार जण. वडिलांचा संगणक, मुलीचा लॅपटॉप आणि दोघा-तिघांचे मोबाइल वाय-फायच्या एकाच जाळ्यात असतात. उद्या सकाळी चाचणी असते, रात्री प्रश्नपत्रिका छापायला घेतली जाते आणि कागद काही बाहेर येत नाही. पहिला संशय प्रिंटरवर जातो. शाईचे नळकांडे बदलले जाते, यंत्र चार वेळा बंद-चालू होते. दोष मात्र पुष्कळदा प्रिंटरच्या बाहेरच असतो. तो तिकडे का असतो, हे कळण्यासाठी छपाईच्या इतिहासाकडे पाहू. त्यातले एक महत्त्वाचे पान आपल्याच परिसरातले आहे.

एका हातातील छपाई

नाना फडणीसांनी पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्‌गीता कोरून ती छापण्याचे काम सुरू करविले होते. 1800 मध्ये नाना वारले आणि काम अर्धवट राहिले. ते करणारा तांबट पुढे मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि 1805 मध्ये मिरजेत गीता छापली गेली. याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यातील देवनागरी अक्षरे मात्र सुट्या खिळ्यांनी छापलेली होती.

या दोन रीतींतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. पत्र्यावर अक्षरे उलटी कोरावी लागतात आणि सारे पान एकसंध असते. एखादा काना राहिला, तर दोष पत्र्यातच असतो आणि तो कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो. खिळ्यांच्या छपाईत काम वाटले जाते. जुळारी खिळे लावतो, मुद्रितशोधक प्रूफ तपासतो, यंत्रचालक छापतो. पान चुकले, तर चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे शोधावे लागते. प्रूफ काढण्याची पद्धत यासाठीच आहे. सारा कागद खर्ची पडण्यापूर्वी एक प्रत काढायची आणि दोष आधीच पकडायचा.

या काळजीचे चांगले उदाहरण औंधला सापडते. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या स्वाध्याय मंडळाने तेथे वेदांच्या संहिता छापल्या. ऋग्वेदात अनुदात्त स्वरासाठी अक्षराखाली आडवी रेघ आणि स्वरितासाठी डोक्यावर उभी रेघ असते. एक रेघ सरकली की पठण चुकते. जवळच किर्लोस्करवाडीत 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू झाले. पुढे ते ‘किर्लोस्कर’ या नावाने घरोघरी पोहोचले. किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात होती, आज ती सांगली जिल्ह्यात आहे. जुन्या सातारा जिल्ह्यातून 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 पासून तो सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो.

प्रिंटरसाठी जन्मलेले जाळे

सामायिक प्रिंटरची कथा अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात सुरू होते. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी 1971 मध्ये लेझर किरणाने छापणारे यंत्र तयार केले. ते सेकंदाला एक पान छापू शके. इतके वेगवान आणि महागडे यंत्र प्रत्येकाच्या मेजावर ठेवणे शक्य नव्हते. म्हणून केंद्रातील आल्टो नावाचे छोटे संगणक एकमेकांना आणि या प्रिंटरला जोडण्याचे काम रॉबर्ट मेटकाफ यांच्याकडे आले. 22 मे 1973 च्या टिपणात त्यांनी जी योजना मांडली, तिचे नाव इथरनेट. आज शाळेच्या संगणक-कक्षातील निळ्या-करड्या तारा याच वंशातील आहेत.

येथे थोडे गणित करू. हा प्रिंटर एका इंचात 500 ठिपके काढत असे. साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच लांब पानावर 4250 × 5500, म्हणजे सुमारे 2 कोटी 34 लाख ठिपके होतात. सुरुवातीच्या इथरनेटचा वेग सेकंदाला सुमारे 29 लाख बिट होता. एका ठिपक्याला एक बिट धरले, तर एक पान पाठवायला आठ सेकंद लागतील आणि सेकंदाला एक पान छापणारे यंत्र वाट पाहत बसेल. म्हणून तारेतून ठिपके न पाठवता ‘अमुक अक्षर, अमुक जागी’ एवढाच निरोप पाठवला जाई. अक्षराचे ठिपके प्रिंटरजवळचे वेगळे उपकरण तयार करी. जुळाऱ्याचे काम अशा रीतीने यंत्रात शिरले आणि नजरेआड झाले.

कागद अडकला, पण सांगणार कोण?

प्रिंटर सामायिक झाला की तो माणसापासून दूर जातो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत याचा त्रास सर्वांना होई. छपाईची आज्ञा द्यायची, थोड्या वेळाने प्रिंटरच्या खोलीत जायचे आणि पाहायचे, तर कागद केव्हाच अडकलेला. तेथील प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत एक साधी सुधारणा केली होती. कागद अडकला की छपाईसाठी थांबलेल्या सर्वांच्या पडद्यावर सूचना येई आणि कुणीतरी जाऊन तो सोडवी.

1980 च्या सुमारास झेरॉक्सकडून नवा लेझर प्रिंटर भेट मिळाला. त्याची मूळ आज्ञावली मात्र मिळाली नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे ती होती, त्याने गुप्ततेच्या करारामुळे ती द्यायला नकार दिला. कागद अडकतच राहिला आणि दुरुस्ती येत असूनही करता येईना. स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ‘ग्नू’ हा मुक्त आज्ञावलींचा प्रकल्प जाहीर केला. त्यामागच्या कारणांमध्ये ते हा प्रसंग आवर्जून सांगत आले आहेत. आपण वापरतो त्या यंत्राचा दोष जाणून घेण्याचा आणि तो दूर करण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न अशा रीतीने एका अडकलेल्या कागदातून पुढे आला.

मराठी अक्षरांची वेगळी अडचण

जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या स्मृतीत रोमन अक्षरे आधीच भरलेली असत, देवनागरी नसत. मराठी मजकूर संगणकाला ठिपक्यांचे चित्र करूनच पाठवावा लागे आणि छपाई रखडत चाले. पुढे मराठी फाँट आले. त्यांतील बहुतेकांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवले होते. म्हणून फ्लॉपीवरून आणलेली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की प्रश्नपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ उमटे. लोक प्रिंटरला दोष देत. तो बिचारा मिळाले ते छापत होता.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणे. भारतात यासाठी इस्की हे प्रमाण 1991 मध्ये सुधारित रूपात आले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. विंडोज 2000 पासून देवनागरीची सोय त्या प्रणालीतच मिळू लागली.

दोष शोधण्याची रीत

आता घरच्या प्रिंटरकडे वळू. घरगुती आणि छोट्या कार्यालयांतील संगणकांना प्रिंटर वाटून घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये विंडोज फॉर वर्कग्रुप्समधून दिली. या साखळीत पाच कड्या आहेत. मजकूर आणि त्याचा फाँट ही पहिली. त्याचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणारा ड्रायव्हर ही दुसरी. कामे रांगेत लावणारा स्पूलर ही तिसरी, वाय-फाय किंवा तारेचे जाळे ही चौथी आणि प्रत्यक्ष प्रिंटर ही पाचवी.

पाचही कड्या एकामागून एक तपासत बसू नये. प्रथम संगणकाला हात न लावता, प्रिंटरवरच्या बटणांनी त्याचे चाचणी-पान काढावे. ते नीट आले तर कागद, शाई आणि रूळ निर्दोष ठरतात. मग मोबाइलवरून छापून पाहावे. तेही जमले तर जाळे ठीक आहे आणि दोष त्या एका संगणकात आहे. तेथे रांग उघडून पाहावी. पुढचे एक काम अडले की मागची सारी तुंबतात. ते काढून टाकून स्पूलर पुन्हा सुरू करावा. एकच फाइल बिघडलेली उमटत असेल, तर फाँट पाहावा.

मोबाइलवरूनही छापले जात नसेल, तर संशय जाळ्यावर जातो. राउटर प्रत्येक उपकरणाला तात्पुरता पत्ता देतो. वीज जाऊन परत आली की प्रिंटरला वेगळा पत्ता मिळू शकतो. संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारतो आणि पडद्यावर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला की हा त्रास संपतो. प्रिंटर तारेने एकाच संगणकाला जोडून वाटला असेल, तर तो संगणक जागा असला पाहिजे, हेही विसरू नये.

कधी दोष साखळीत बाहेरून येतो. 2021 मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये सुरक्षेचे मोठे छिद्र सापडले. ते बुजवण्यासाठी आलेल्या सुधारणांनंतर अनेक ठिकाणी काल चालणारे सामायिक प्रिंटर आज चालेनासे झाले. घरात कुणीही काही बदललेले नव्हते. म्हणून ‘शेवटी काय बदलले?’ हा प्रश्न विचारताना स्वतःहून आलेल्या सुधारणाही मोजाव्यात.

ही रीत वर्गातही वापरता येईल. संगणक-कक्षात शिक्षकांनी एक कडी मुद्दाम तोडावी: तार सैल करावी, रांग थांबवून ठेवावी किंवा कागद काढून घ्यावा. मुलांनी प्रत्येक तपासणीपूर्वी अंदाज वहीत लिहावा आणि त्या तपासणीने कोणती कडी निर्दोष ठरली हे नोंदवावे. कमीत कमी तपासण्यांत दोष शोधणाऱ्या गटाने आपली वही इतरांना वाचून दाखवावी.