एकच पत्ता, अनेक बिऱ्हाडे

जुन्या वाड्याला दिंडी एक आणि आत बिऱ्हाडे अनेक, ही रचना मराठी माणसाला नवी नाही. पोस्टमन दिंडीपर्यंत येतो. पत्र कोणत्या खोलीत पोहोचवायचे हे वाड्याचा कारभारीच जाणतो. घरातील दोन-चार संगणक तारांनी जोडून त्या सर्वांना इंटरनेटच्या एकाच जोडणीवर नांदविण्याची जी युक्ती आज घरोघर रूढ आहे, तिचा इतिहास या दिंडीसारखाच आहे.

प्रथम तारेची गोष्ट. कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले आणि त्यातून 'इथरनेट' जन्मास आले. डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने त्यांनी एकाच तारेवर अनेक यंत्रे बसविली. नियम सभ्य माणसांच्या सभेतला होता: आधी ऐकावे, तार मोकळी असेल तरच बोलावे, दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबून, कमीअधिक वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. १९९० साली टेलिफोनच्या तारेसारख्या पीळ दिलेल्या तारांवर हेच काम करण्याचे मानक ठरले. प्रत्येक संगणकाची तार मधल्या एका पेटीकडे जाऊ लागली आणि एक तार निसटली तरी बाकीच्यांचे काम अडेनासे झाले.

तारेचा प्रश्न सुटला. पत्त्याचा सुटला नव्हता. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेटच्या नियमांनुसार प्रत्येक यंत्राचा पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा. असे पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. विद्यापीठे व प्रयोगशाळा यांच्यापुरत्या जगाला हा आकडा अथांग वाटला. परंतु इंटरनेट घरोघर शिरू लागले, तेव्हा हा साठा पुरणार नाही हे जाणत्यांनी ओळखले. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा जनतेला खुली केली, ती याच टंचाईच्या काळात.

मे १९९४ मध्ये केल्ड एगेव्हांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तोडगा मांडला. घरातल्या यंत्रांना खाजगी पत्ते द्यावेत, आणि दारावरच्या यंत्राने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावरील पत्ता बदलावा. फेब्रुवारी १९९६ च्या नियमाने अशा खाजगी पत्त्यांचे तीन गट कायम केले; एकच खाजगी पत्ता नागपूरच्या घरातही चालतो आणि न्यूयॉर्कच्या घरातही. पुढे या कारभाऱ्याच्या वहीत निरोपाचा 'पोर्ट' क्रमांकही नोंदला जाऊ लागला. कोणत्या क्रमांकाचे उत्तर कोणत्या संगणकाकडे द्यायचे, हे त्या नोंदीवरून कळे, आणि सारे घर एका पत्त्यावर नांदू लागले. १९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आली. तेव्हा एका संगणकाला इतरांसाठी सतत जागे राहावे लागे. नंतर ते काम 'राउटर' नावाच्या लहानशा पेटीने उचलले.

हा तोडगा तात्पुरता आहे, असे त्याच्या कर्त्यांनीच लिहून ठेवले होते. खरा उपाय म्हणून एकशे अठ्ठावीस अंकी पत्त्यांची नवी योजना डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्धही झाली. पण तात्पुरत्या उपायाने निकड भागली की कायमचा उपाय रेंगाळतो. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांच्या मध्यवर्ती कोठारातील अखेरचे पाच गट वाटले गेले, तरीही जुनी दिंडी उभीच राहिली.

या सोयीची किंमत मात्र लहान नव्हती. मूळ कल्पनेत कोणतेही यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राला थेट हाक मारू शकत होते. दिंडीमागच्या संगणकाला बाहेर बोलता येते. बाहेरच्याने आपण होऊन हाक दिली तर ती वहीत नोंद नसल्यामुळे दारातच विरते. त्यामुळे आगंतुकांचा उपद्रव कमी झाला, हे खरे. पण घरच्या संगणकावरून जगाला काही देऊ इच्छिणाऱ्याला आधी कारभाऱ्याच्या वहीत कायमची नोंद करून घ्यावी लागते. आणि जेथे सेवा देणारी कंपनीच शेकडो घरांना एका पत्त्यामागे बसविते, तेथे ती वही गृहस्थाच्या हाती उरतच नाही.

नव्या योजनेत प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. तो मिळाल्यावरही दार कोणासाठी उघडायचे हे ठरवावे लागेलच. फरक एवढाच की, ते दार पत्ते अपुरे पडले म्हणून बंद राहणार नाही. घरच्या माणसाने ठरविले तरच राहील.